तीन वाजता दिशा बदलणारा पूल

करी रोडच्या पुलावर बरोबर तीनच्या ठोक्याला एक हातगाडी मधोमध होती. बंद पडली नव्हती, चालत होती. फक्त तिच्या चालीने चालत होती. लालबागच्या भारतमाता चौकाकडून मिरच्यांची पोती भरून निघालेली, पुढे एक जण दांडा ओढतोय, मागून दुसरा पोत्यांना खांद्याने रेटा देतोय, आणि पुलाचा चढ अजून संपलेला नाही. शिंगटे मास्तर चौकाच्या टोकाला टॅक्सी, बाइक, एक टेम्पो आणि त्यामागे बेस्टची बस अशी रांग लागलेली, कारण तीन वाजले की पूल त्यांचा. भारतमाताच्या टोकाला ज्यांना दोन मिनिटं उशीर झाला तेही हॉर्न वाजवत उभे, आता आपल्याला वळसा पडणार म्हणून चिडलेले. मध्ये हातात लाल बॅटन घेतलेला वॉर्डन. "मामा, जरा जोर लावा की!" "लावतोय ना रे बाबा, चढ बघ की." मिरचीचा खाट नाकात जाऊन वॉर्डनला सटासट शिंका आल्या आणि रांगेतले दोघे-तिघे हसले. गाडी उतरेपर्यंत तो पूल ना पूर्वेचा होता ना पश्चिमेचा. कागदावर अशी वेळच नाही. कागदावर दोन वाजून एकोणसाठ मिनिटांनी एक दिशा संपते आणि तीनला दुसरी सुरू होते.

हा कागद म्हणजे प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला तेव्हाची वाहतूक पोलिसांची अधिसूचना. करी रोडच्या पुलावर, म्हणजे महादेव पालव मार्गावर, सकाळी ७ ते दुपारी ३ भारतमाताकडून शिंगटे मास्तर चौकाकडे एकेरी वाहतूक. दुपारी ३ ते रात्री ११ नेमकी उलटी. रात्री ११ ते सकाळी ७ दुहेरी. वाचताना पहिल्यांदा हसू येतं ते याचं की गिरणगावातल्या पुलालाही शेवटी तीन पाळ्या लागल्या. पण ठरवणाऱ्याने विचार केलेला आहे. सकाळी लोंढा परळ-लालबागकडून लोअर परळच्या ऑफिसांकडे, संध्याकाळी उलटा. आणि बदल तीनला, कारण तेव्हा रस्ता त्यातल्या त्यात ओसरलेला असतो. सहाला बदल केला असता तर पूल रिकामा करायलाच अर्धा तास गेला असता.

रिकामा करणं हीच तर खरी गोम आहे. समजा पूल चढ-उतारासकट २०० मीटरचा आहे. ताशी २० किलोमीटरने जाणारी टॅक्सी तो ३५-३६ सेकंदांत ओलांडते. हातगाडी सेकंदाला एक मीटर, म्हणजे तीन मिनिटांच्या वर, आणि चढावर त्याहून जास्त. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांच्या कोष्टकात हातगाडी दोन ते तीन मोटारींइतकी धरतात आणि दुचाकी साधारण अर्ध्या ते पाऊण मोटारीइतकी. रोजच्या गर्दीचा हिशेब मांडायला हे ठीक आहे. पण दिशा फिरवायच्या त्या पाच मिनिटांत एक हातगाडी तीन मोटारींइतकी नसते, सगळ्या पुलाइतकी असते. म्हणून जिथं एकेरी पट्टा आलटून-पालटून वापरतात तिथं जाणती माणसं घड्याळाच्या भरवशावर राहत नाहीत. घाटात दरड कोसळली की पाहिलं असेल: या टोकाचा माणूस शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात झेंडा देतो, तो झेंडा त्या टोकाला पोचला की तिकडची वाहतूक सुटते. शहरात झेंड्याऐवजी वॉकीटॉकी असतो आणि गाडीचा नंबर सांगतात, "शेवटची पांढरी इको, मागचे तीन आकडे अमुक." एवढं झालं तरी पुरे. फक्त दहा मिनिटं आधीपासून हातगाडी आणि सायकल टेम्पो टोकालाच थांबवायचे, मोटारी शेवटपर्यंत सोडायच्या. म्हणजे बंद होण्याची वेळ वाहनागणिक वेगळी. असं कुठल्या अधिसूचनेत लिहिता येत नाही. ते टोकावरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं, आणि त्याची बदली झाली की पुढच्याला पुन्हा.

आता त्या हातगाडीवर एवढा भार का पडला ते पाहायचं तर नकाशा डोळ्यांपुढे आणावा लागेल. दादरपासून प्रभादेवीपर्यंत पश्चिम आणि मध्य रेल्वे एकमेकींना खेटून धावतात, त्यामुळे टिळक पूल काय किंवा एल्फिन्स्टन काय, एका झेपेत दोन्ही रेल्वे ओलांडतात. त्याच्या दक्षिणेला मात्र रूळ फाकतात आणि मध्ये ना. म. जोशी मार्गाचा पट्टा येतो. करी रोडचा पूल फक्त मध्य रेल्वे ओलांडतो. पश्चिम रेल्वे ओलांडायला तिथून पुन्हा लोअर परळचा, जुन्या लोकांचा डिलाइल रोडचा, पूल चढावा लागतो. म्हणजे एक पूल बंद केला आणि बदल्यात दोन पूल दिले, तेही एकापुढे एक. अशा जोडीत वाहतूक किती जाईल ते दोघांतला अरुंद ठरवतो, आणि दोघांच्या मधला चौक रांग साठवायची जागा होऊन बसतो. शिंगटे मास्तर चौकात रांग साठवायला जागा किती? पुढच्या पुलाची रांग मागे सरकत मागच्या पुलाच्या उतारावर आली की हिरवा सिग्नल असूनही गाडी हलत नाही. याला उपाय सिग्नलचा आहे. पुढचा आधी सुटला पाहिजे, मागचा नंतर. आणि मागच्याने पुढे मावतील त्याहून जास्त गाड्या एका फेरीत सोडायच्या नाहीत. मागची रांग लांब दिसली की शिपायाचा हात आपोआप हिरवा लांबवायला जातो. अडचण बरोबर तिथूनच वाढते.

ज्यांना वरळी, सागरी किनारा मार्ग किंवा सी लिंक गाठायचा त्यांना चिंचपोकळी पूल सांगितला, दादरवाल्यांना टिळक पूल. हे तीन झरोके. एल्फिन्स्टनच्या जागी दुमजली पूल व्हायचा आहे, खालून स्थानिक रस्ता आणि वरून शिवडी-वरळी जोडमार्ग, म्हणजे अटल सेतूवरून उतरलेला माणूस थेट वरळीत. चांगलंच आहे. पण असल्या कामात पहिला प्रश्न पूल कसा बांधायचा हा नसतो, कोणत्या क्रमाने बंद करायचे हा असतो. ३ जुलै २०१८ ला अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला, मग सगळ्या जुन्या पुलांच्या तपासण्या झाल्या आणि त्याच महिन्यात लोअर परळचा पूल बंद झाला. तो पूर्णपणे खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. ती पाच वर्षं लोअर परळचा भार एल्फिन्स्टनने वाहिला. त्या काळात एल्फिन्स्टन पाडायला घेतला असता तर काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही. गोखले नोव्हेंबर २०२२ ला बंद झाला, फेब्रुवारी २०२४ ला अर्धा उघडला, तर शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळेना. मग बर्फीवालाचा तुकडा जॅक लावून उचलला आणि जुलैत एकदाचे दोन पूल भेटले. सायनचा पूल ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाला. मुंबईला रूळ ओलांडायच्या जागा मोजक्या, त्यामुळे एकाची मुदत सरकली की दुसऱ्याचं बंद होणं सरकतं. वेळापत्रक कंत्राटागणिक वेगळं असलं तरी रस्त्यावरचा माणूस सगळ्या कंत्राटांतून एकाच दिवशी जातो.

एका बाबतीत मात्र शहाणपण दिसलं. २०२५ ची अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती आणि पूल १२ तारखेला बंद झाला. लालबाग-परळमध्ये गणपतीत भारतमाताचा चौक कोणाच्याच ताब्यात नसतो. त्या दहा दिवसांत करी रोडचा पूल तीन वाजता फिरवायला गेलं असतं तर बाप्पाच्या दर्शनाची रांगच त्या पुलावर फिरली असती.

बंद करायच्या आधीचं काम कंटाळवाणं असतं आणि त्यावरच सगळं अवलंबून असतं. ज्या रस्त्यावर वाहतूक वळवायची त्याचे खड्डे आधी भरायचे, कारण एक फूटभर खड्डा गाडीला पायी चालायला लावतो. त्या रस्त्यावरच्या उभ्या गाड्या आधी हलवायच्या. नो पार्किंगची पाटी लावून भागत नाही, पहिले आठ दिवस टोइंग फिरवावं लागतं, मग लोकांना सवय लागते. झाडांच्या खाली आलेल्या फांद्या छाटायच्या, नाहीतर बस कडेने न जाता मधूनच जाते. मग सिग्नलच्या वेळा. मग पाट्या. हे सगळं झालं की बॅरिकेड. प्रत्यक्षात बॅरिकेड आधी येतं, कारण कंत्राटाचं घड्याळ जागा ताब्यात मिळाल्या दिवसापासून चालू होतं, आणि खड्डे तक्रारी आल्यावर भरले जातात.

रुंदीचं गणित तर डोक्यात पक्कं बसवावं असं आहे. सिग्नलवर सलग हिरवा मिळाला तर रस्त्याच्या दर एक मीटर रुंदीमागे तासाला साधारण ५२५ मोटारींइतकी वाहतूक निघते, असा जुना ठोकताळा आहे. ९ मीटरचा रस्ता, म्हणजे ४,७२५. दोन मिनिटांच्या फेरीत ४० सेकंद हिरवा असेल तर त्याचा तिसरा हिस्सा, १,५७५. बॅरिकेडने अडीच मीटर खाल्ले की उरले साडेसहा, आणि आकडा येतो ११३८ च्या आसपास. सव्वाचारशेच्या वर मोटारी तासागणिक मागे राहिल्या. आपल्या मिसळ वाहतुकीत आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण हिशेबाची जात हीच. आता त्या अडीच मीटरांतलं खरं काम किती जागेत चालतं ते पाहा. पत्र्याच्या बॅरिकेडचा तिरका पाय अर्धा मीटर बाहेर, रस्त्याच्या बाजूला. पत्र्याला घासू नये म्हणून चालक आणखी अर्धा मीटर लांबून जातो. म्हणजे मीटरभर जागा ना कामाची ना वाहतुकीची. पाय आतल्या बाजूला वळवले, खाली काँक्रीटचा अरुंद कठडा ठेवला, तर त्यातला निम्मा भाग परत मिळतो. त्याला नवा पूल लागत नाही, बोल्ट फिरवायचे पाने घेऊन आलेली चार माणसं आणि एक रात्र लागते. पण आत साहित्य ठेवायला जागा कमी होते म्हणून साइटवाले नाराज असतात, आणि बॅरिकेड कसं उभं करायचं हे शेवटी तेच ठरवतात.

बॅरिकेड सुरू कुठून होतं यालाही महत्त्व आहे. सिग्नलच्या थांबा-रेषेपासून मागे शंभरेक मीटरवर रस्ता अरुंद झाला आणि रेषेशी पुन्हा रुंद झाला, तर हिरव्याच्या सुरुवातीला निदान साठलेल्या गाड्या पूर्ण रुंदीने निघतात. तेच बॅरिकेड रेषेपर्यंत आणलं की डावीकडे वळणाराही सरळ जाणाऱ्याच्या मागे अडकतो. इंडियन रोड्स काँग्रेसची कामाच्या जागेसाठी वेगळी मार्गदर्शिका आहे, एसपी-५५. शहरातल्या वेगाला आधी १०० मीटर सूचनेचे, मग ५० मीटर निमुळत्या कडेचे. निमुळती कड म्हणजे शंकूंची तिरकी ओळ; चालकाला कळायच्या आत ती त्याला हळूच बाजूला सरकवते. पन्नास मीटर! आपल्याकडे पहिला पत्रा आडवा उभा असतो, त्यावर एक चुना मारलेला बाण आणि पुढ्यात दोन पोती वाळू. रात्री तिथं सौर दिवा लुकलुकायला हवा, पण दिवा उड्डाणपुलाच्या सावलीत लावलेला, त्याला ऊन मिळणार कधी आणि तो चार्ज होणार कधी? दिवसा कोणी पाहत नाही आणि रात्री तपासायला कोणी येत नाही.

लाल-पांढरे प्लास्टिकचे अडथळे हा आणखी एक किस्सा. त्यात पाणी भरायचं असतं. भरला की चार-पाचशे किलोचा, रिकामा असला की दोघे जण उचलून चहाच्या टपरीसमोर नेऊन ठेवतात. बहुतेक ठिकाणी ते रिकामेच असतात. बसचा मागचा कोपरा लागला की गोल फिरतात आणि शेजारच्या लेनमध्ये नाक खुपसतात. का भरत नाहीत विचारलं तर झाकणं गेलेली असतात, तळाचा बूच गळतो, आणि पाणी साचलं की डासांसाठी महापालिकेची नोटीस येते. तिन्ही कारणं खरी. वाळूची पिशवी तळाला टाकणं हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग, आणि झाकणासकट भरलेला असेल तर डासही होत नाहीत. झाकण कुठं गेलं हा प्रश्न तेवढा विचारू नये.

पाटी. अधिसूचना जशीच्या तशी फ्लेक्सवर छापून खांबाला बांधायची पद्धत ज्याने सुरू केली त्याने ती चालत्या गाडीतून एकदा वाचून दाखवावी. पन्नास मीटरवरून वाचता यायला अक्षर निदान १२-१३ सेंटिमीटर उंच हवं, आणि तीन ओळींपलीकडे चालक वाचत नाही. बाण, ठिकाणाचं नाव, वेळ. तीही आपण एरवी बोलतो ती नावं: 'भारतमाता', 'सात रस्ता', 'केईएम'. कॉम्रेड कृष्णा देसाई चौक हे भारतमाताचंच नाव आहे हे बाहेरच्या टॅक्सीवाल्याला कसं कळावं? पाटी लावायची जागा चौकात नसते, चौकाच्या आधीच्या चौकात असते, जिथून अजून दुसरीकडे वळता येतं. मोबाइलवरच्या नकाशांना तर दिवसातून तीनदा बदलणारी दिशा सांगणं अवघडच. ते गाडीला चाळींमधल्या गल्लीत घालतात, तिथं समोरून गॅसची गाडी येते, आणि मग दोघांपैकी कोणी मागे घ्यायचं यावर चाळ जमते.

बसथांब्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जातं. रस्ता जिथं अरुंद झाला नेमका तिथंच थांबा असतो, बस थांबली की सगळा रस्ता थांबतो. थांबा साठ-सत्तर मीटर पुढे, बॅरिकेड संपल्यानंतर नेला की प्रश्न मिटतो. मात्र मिटतो तो वाहतुकीचा. बसमधून उतरणाऱ्या म्हातारीचा वाढतो, कारण तिला तेवढंच मागे यायचं असतं आणि मधला पदपथ बॅरिकेडने खाल्लेला असतो. एल्फिन्स्टनच्या पुलावरून फक्त गाड्या जात नव्हत्या. प्रभादेवीला उतरून पुलावरून चालत केईएम, वाडिया, टाटा गाठणारे होते. हातात एक्स-रेचं पाकीट, काखेत डबा, कधी खांद्यावर पोर. त्यांच्या वाट्याला आता रेल्वेचा पादचारी पूल आणि त्याचे जिने. २०१७ मध्ये इथल्याच रेल्वेच्या पादचारी पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीनंतर या भागात पायी माणसांचा हिशेब आधी मांडायला हवा हे वेगळं सांगायला नको. दीड मीटर सलग, छपराखालची, दिवे असलेली वाट म्हणजे फार नाही. पण आराखड्यात गाड्यांच्या लेन रंगवून झाल्यावर उरलेल्या जागेला पदपथ म्हणायची सवय जात नाही.

रात्रीचं काम हा तर वेगळाच पसारा आहे. दिवसा जड वाहनांना बंदी, म्हणून गर्डर, क्रेनचे भाग, काँक्रीटचे मिक्सर सगळे रात्री अकरानंतर. दीड मीटर व्यासाचा, २० मीटर खोल असा एक पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेला काँक्रीटचा खांब, घ्या. त्याला सुमारे ३५ घनमीटर काँक्रीट लागतं, म्हणजे सहा घनमीटरचे सहा मिक्सर. काँक्रीट नळीतून तळापासून वर भरत आणतात आणि नळीचं तोंड कायम ओल्या काँक्रीटमध्ये बुडालेलं ठेवावं लागतं. तिसरा मिक्सर ओतून झाला आणि चौथा कुठं तरी वरातीमागे अडकला, तर खालचं काँक्रीट घट्ट होऊ लागतं आणि नवं त्याला नीट धरत नाही. मिक्सर भरल्यापासून साधारण दोन तासांत ओतायचा असतो, रसायन घातलं तर थोडा जास्त वेळ. म्हणजे रस्त्यावरची कोंडी जमिनीखालच्या खांबात जाऊन बसते. म्हणून चांगला साइट इंजिनिअर पहिला मिक्सर ओतायच्या आधी निदान तीन फाटकापाशी येऊन उभे राहतील याची वाट पाहतो. आणि ते तीन मिक्सर उभे कुठं? आपल्याच अरुंद लेनमध्ये.

पोलिसांना काम रात्री हवं, रहिवाशांना रात्री झोप. दोघांचंही बरोबर. मेट्रो-३ च्या कफ परेडच्या कामाला उच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ बंदी घातली होती, ती पुढे २०१८ मध्ये उठली. खडक फोडणं रात्री दहापर्यंत आटपायचं, त्यानंतर फक्त ओतणं आणि उचलणं ठेवायचं, अशी वाटणी जमते. तीही मिक्सर रिव्हर्स घेताना वाजणारा भोंगा सोडून. रुळांवरच्या कामाला तर तिसरा मालक असतो. वरच्या तारेतला २५,००० व्होल्टचा प्रवाह बंद केल्याशिवाय तिथं साधा पत्राही हलवता येत नाही. हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला तेव्हा १८ तासांचा ब्लॉक, कर्नाक नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडला तेव्हा २७ तासांचा. त्या २७ तासांत लोकल नाहीत म्हणून रस्त्यावर बस आणि टॅक्सी जास्त, नेमक्या त्या रात्री जेव्हा क्रेनसाठीही रस्ता हवा.

पुण्याची गोष्ट थोडक्यात, कारण ती वेगळ्या नशिबाची आहे. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल जुलै २०२० मध्ये पाडायला घेतले, टाळेबंदीत, जेव्हा गणेशखिंड रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पाडायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. मात्र बांधायला पाच वर्षं गेली. औंध, बाणेर, पाषाण, सेनापती बापट रस्ता आणि गणेशखिंड अशी पाच तोंडं एकाच चौकात, वर हिंजवडीच्या मेट्रोचे खांब, आणि लोक कधीच परत आलेले. चांदणी चौकात २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर एक वाजता सुरुंग लावून पूल उडवला, सगळा महामार्ग त्यासाठी अडवला. पण आतल्या पोलादामुळे पूल काही पूर्ण पडला नाही, उरलेला यंत्रांनी काढावा लागला. अशा वेळी वाहतुकीच्या योजनेत 'ठरल्याप्रमाणे झालं नाही तर' नावाचं एक पान लागतं. दोन तास उशीर झाला तर काय, सहा झाला तर काय, सकाळची पहिली बस कुठून. ते पान ज्यांनी आधी लिहिलेलं असतं त्यांना सकाळी टीव्हीवर उत्तरं द्यावी लागत नाहीत.

बॅरिकेड लावून आत महिनाभर काहीच हलत नाही, हा लोकांचा सगळ्यात मोठा राग. पुष्कळदा आत खरंच काम चाललेलं असतं, पण ते कुदळीचं. पाण्याची मोठी नळी नकाशात डाव्या कडेला दाखवलेली आणि जमिनीत निघते मधोमध. तिच्या खाली कोणाची तरी जिवंत केबल. ती कोणाची हे ठरायला पंधरा दिवस. म्हणून बॅरिकेडच्या आधी चाचणी खड्डे घ्यायचे, दीड मीटर खोल, हाताने खणलेले, रात्री खणून सकाळी लोखंडी पट्टीने झाकायचे. रस्ता चालू राहतो आणि जमिनीत काय आहे ते कळतं. हे केलं तर बॅरिकेड दोन महिने उशिरा लागतं. पण लागल्या दिवसापासून आत माणसं असतात. त्या दोन महिन्यांत मात्र फोटोत दाखवायला काही नसतं, आणि एवढ्याच कारणाने ते कोणी करत नाही असं माझं मत झालंय.

जागा परत देणं तर कोणाच्याच कामात मोडत नाही. लावायला अर्ज, पाहणी, परवानगी, अधिसूचना. काढायला कोणी अर्ज करत नाही. परवानगीला तारीख घालून, त्या तारखेला पुन्हा पाहणी करून, आत काम नसेल तर पत्रे निम्मे मागे सरकवायचे, एवढा नियम लावला तरी पुष्कळ रस्ता सुटेल. 'प्रायोगिक तत्त्वावर' म्हणून केलेली एकेरी वाहतूक खांबावरच्या पाटीचा रंग उडाला तरी प्रायोगिकच राहते. पूल उघडतो त्या दिवशी फीत कापली जाते, पण वळवलेल्या रस्त्यावरचे सिग्नल जुन्याच वेळांवर चालत राहतात, आणि आठवडाभर लोकांना कळत नाही की इकडे गाड्या कमी झाल्या तरी लाल एवढा लांब का. थांबे परत मागे आणायचे असतात. रस्त्यावरच्या तात्पुरत्या पांढऱ्या रेषा घासून काढायच्या असतात. त्यावर नुसता काळा रंग फासला तर पावसात रात्री दिव्याच्या उजेडात तोही चमकतो आणि चालकाला दोन लेन दिसतात, एक जुनी आणि एक नवी, त्यातली कुठली धरायची ते त्याचं त्यानं बघायचं. आणि बॅरिकेडचे पाय जिथं ठोकले होते ते बोल्ट. पत्रे उचलताना ते पान्याने फिरवून काढायला वेळ लागतो म्हणून वरून गॅसने कापतात, बोटभर टोक डांबरावर राहतं. नीट करायचं तर पृष्ठभागाच्या खाली कापून भोक मसाल्याने भरायचं, एका माणसाचं तासाभरात वीस-पंचवीस बोल्टचं काम. बिलात त्याची ओळ नसते. दुचाकीचं टायर फाटलं की तो कोणत्या पुलाच्या कामाचा बोल्ट होता हे शोधायला कोणी येत नाही.